दुसरा माणूस : प्रागमधील एका खटल्याचा इतिहास

ज्या तीन कादंबऱ्यांनी 'डिस्टोपिया' म्हणजेच दुःस्वप्नलोक ही कल्पना जगभरच्या वाचकांच्या मनात रुजवली, त्या तिन्हींचा शेवट एकाच जातीचा आहे. येवगेनी झाम्यातिनच्या 'वुई' (इंग्रजी आवृत्ती १९२४) या कादंबरीतील निवेदकाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया होते आणि त्याच्यातील बंड कायमचे नाहीसे होते. आल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधील (१९३२) जॉन गळफास लावून घेतो. जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'मधील (१९४९) विन्स्टन स्मिथ तर ज्या सत्तेचा त्याने मनोमन द्वेष केला, तिच्यावरच अखेरीस प्रेम करू लागतो. या कादंबऱ्या वर्गात शिकवताना विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो : मग चाकोरीबाहेर चालणाऱ्या माणसाने मिळवले काय? व्यवस्था होती तशीच राहिली आणि माणूस मात्र संपला.

प्रश्न योग्य आहे. परंतु त्याचे उत्तर कादंबरीत शोधण्याऐवजी इतिहासात शोधले, तर एक फरक ठळकपणे दिसू लागतो. या कादंबऱ्यांतील बंडखोर अखेरच्या क्षणी पूर्णतः एकटा आहे. इतिहासातील बंडखोरही आरंभी एकटाच असतो. पण कधीकधी त्याच्या शेजारी दुसरा कोणी येऊन उभा राहतो. हा दुसरा माणूस पुष्कळदा पहिल्यासारखा नसतो. त्याचे वय वेगळे, अभिरुची वेगळी, राहणी वेगळी. तरीही 'याच्यावरचा घाला माझ्यावरचाही आहे' हे त्याला उमगते. परिवर्तनाचा उगम पहिल्या माणसाच्या धाडसात जितका असतो, तितकाच या दुसऱ्या माणसाच्या उमगण्यात असतो, असे आमचे प्रतिपादन आहे. त्यासाठी १९६८ ते १९८९ या काळातील चेकोस्लोव्हाकियाचे उदाहरण येथे घेतले आहे.

१९६८च्या वसंतात अलेक्झांडर डुबचेक यांच्या नेतृत्वाखाली त्या देशातील कम्युनिस्ट पक्षाने 'मानवी चेहऱ्याचा समाजवाद' आणण्याचा प्रयोग आरंभला. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत रशिया आणि वॉर्सा करारातील त्याच्या मित्रदेशांचे रणगाडे सीमा ओलांडून आत आले आणि प्रयोग संपला. जानेवारी १९६९मध्ये यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रागच्या वेन्सेस्लास चौकात स्वतःला पेटवून घेतले. तीन दिवसांनी तो मरण पावला. एप्रिलमध्ये डुबचेक यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले आणि पुढील वीस वर्षांच्या कालखंडाला सत्तेनेच एक नाव दिले : नॉर्मलायझेशन, म्हणजे परिस्थिती 'सुरळीत' करणे.

हे सुरळीत होणे कसे होते? पक्षातून तीन लाखांहून अधिक सभासदांना काढून टाकण्यात आले. प्राध्यापक, पत्रकार, लेखक, इतिहासकार यांच्या नोकऱ्या गेल्या. ज्यांनी काल विद्यापीठात व्याख्याने दिली, ते आज इमारतींच्या तळघरात बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागले किंवा खिडक्यांच्या काचा पुसू लागले. बेकार राहण्याची सोय नव्हती, कारण कामधंद्याविना राहणे हा 'परजीवीपणा' म्हणून कायद्याने गुन्हा होता. उरलेल्या जनतेशी सत्तेने एक अलिखित सौदा केला. तुम्ही राजकारणात डोके घालू नका, मोर्चाला बोलावले की या, निवडणुकीत एकाच यादीला मत द्या; त्या बदल्यात नोकरी, फ्लॅट, जमल्यास मोटार आणि शनिवार-रविवारसाठी गावाकडे एखादे लहानसे घर मिळेल. सौदा मोडला तर शिक्षा केवळ तुम्हाला होणार नाही; तुमच्या मुलांना महाविद्यालयात प्रवेश मिळणार नाही. १९५०च्या दशकातील फाशीची सत्रे आता थांबली होती. आता माणसाला ठार मारण्याची गरजच नव्हती. त्याला मुलांची काळजी होती, तेवढे सत्तेला पुरेसे होते.

अशा समाजात वेगळे वागण्याची सुरुवात कोठून झाली? तत्त्वज्ञांच्या मंडळात नाही, जुन्या राजकारण्यांच्या घरीही नाही. रणगाडे आल्यावर काही आठवड्यांतच, सप्टेंबर १९६८मध्ये, मिलान ह्लाव्सा या सतरा वर्षांच्या मुलाने मित्रांसह एक रॉक वाद्यवृंद काढला. त्याचे नाव 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स'. फ्रँक झापा या अमेरिकी संगीतकाराच्या एका गाण्यावरून ते घेतले होते. या मुलांना क्रांती करावयाची नव्हती. त्यांच्या गाण्यांत राजकीय घोषणा नव्हत्या. त्यांना फक्त आपल्याला हवे तसे संगीत वाजवायचे होते आणि केस लांब ठेवायचे होते. 'सुरळीत' व्यवस्थेत मात्र सादरीकरणासाठी सरकारी परवाना लागे, आणि परवाना हवा तर नाव, वेष आणि गाणी बदलणे भाग होते. इतर अनेकांनी ते केले. यांनी केले नाही, म्हणून १९७०मध्ये परवाना गेला. त्याबरोबर सरकारी वाद्ये गेली, सभागृहे गेली आणि मिळकतही गेली. मग ही मंडळी खेड्यांतील खानावळींत, मित्रांच्या लग्नांत वाजवू लागली. १९७४मध्ये चेस्के बुद्येयोवित्सेजवळच्या एका कार्यक्रमासाठी जमलेल्या शेकडो तरुणांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपून काढले.

या वाद्यवृंदाचा मार्गदर्शक होता इव्हान यिरोउस, कलेच्या इतिहासाचा अभ्यासक. वृत्तीने भांडखोर, मद्यप्रिय. मित्रांनी त्याला 'मागोर' म्हणजे वेडसर असे टोपणनाव दिले होते. १९७५मध्ये त्याने एका दीर्घ टिपणात 'दुसरी संस्कृती' ही संकल्पना मांडली. तिचा मथितार्थ असा : अधिकृत संस्कृतीशी झुंजण्यात किंवा तिच्याकडे सवलती मागण्यात वेळ घालवू नये, तिच्या परवान्याची, बक्षिसांची, प्रसिद्धीची अपेक्षाच सोडून आपले स्वतंत्र जग उभारावे. मागणी करणाऱ्याला कसे गप्प करावे हे सत्तेला ठाऊक असते. ज्याला तिच्याकडून काहीच नको, त्याचे करायचे काय, हा तिच्यापुढील अवघड प्रश्न असतो.

फेब्रुवारी १९७६मध्ये बोयानोवित्से या गावी यिरोउसच्या लग्नाच्या निमित्ताने या मंडळींचा संगीतमहोत्सव झाला. पुढच्याच महिन्यात पोलिसांनी धरपकड केली. सत्तेचा हिशेब सरळ होता. नामांकित लेखकांना पकडले की पाश्चात्त्य वृत्तपत्रांतून ओरड होते. या केसाळ, अनोळखी पोरांसाठी कोण रडणार? ते गुंड आहेत, व्यसनी आहेत, अश्लील गाणी म्हणतात, असे सांगितले की सामान्य माणूस मान डोलावेल. आणि सुसंस्कृत विरोधकही नाक मुरडून गप्प राहतील. हिशेबाचा पहिला भाग बराचसा खरा ठरला. चुकला तो दुसऱ्या भागात.

नाटककार वात्स्लाव हावेल तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांची नाटके देशात बंद होती. १९७४मध्ये काही महिने त्यांनी मद्याच्या कारखान्यात पिंपे हलवण्याचे काम केले होते. यिरोउसला या प्रतिष्ठित विरोधकांविषयी फारसा आदर नव्हता. ही मंडळी सत्तेने सोयीसाठी पाळलेली आहेत, अशी त्याची शंका होती. अटकसत्राच्या थोडे आधी दोघांची भेट झाली आणि यिरोउसने हावेलना आपल्या वाद्यवृंदाच्या ध्वनिफिती ऐकवल्या. त्या ओबडधोबड आवाजात कोणीतरी आपल्या जगण्याविषयी खरे बोलत आहे, हे हावेलना जाणवले. म्हणूनच अटकेची बातमी येताच ते हातातील कामे सोडून धावाधाव करू लागले. ऑगस्ट १९७६मध्ये जर्मन कादंबरीकार हाइनरिश ब्यॉल यांना उद्देशून एक अनावृत पत्र निघाले. त्यावर सही करणाऱ्यांत हावेल होते, कवी यारोस्लाव सायफर्ट होते आणि तत्त्वज्ञ यान पाटोच्का होते. सायफर्ट तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पुढे १९८४मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पाटोच्का एकोणसत्तर वर्षांचे होते.

पाटोच्कांचे नाव येथे विशेष महत्त्वाचे आहे. एडमंड हुसर्ल यांचा हा शिष्य प्लेटो आणि युरोपीय चिंतनपरंपरा यांत आयुष्यभर रमलेला होता. आधी नाझी राजवटीत, मग कम्युनिस्ट राजवटीत, त्यांना विद्यापीठात शिकवण्याची संधी जेमतेम काही वर्षे मिळाली. १९७२मध्ये त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यानंतर ते मित्रांच्या घरी खासगी व्याख्याने देत. त्यांनी आजवर राजकारणापासून अंतर राखले होते. सही करून पुढे यावे असे प्रसंग यापूर्वीही आले होते. मग या लांब केसांच्या पोरांसाठीच ते का पुढे आले? त्यांनी या खटल्यावर जे लिहिले त्याचा आशय असा की, या तरुणांची बाजू हा संगीताच्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. माणसाला आपले जीवन स्वतःच्या सद्सद्विवेकाने जगता येते की नाही, हा प्रश्न आहे. सॉक्रेटिसविषयी आयुष्यभर बोललेल्या माणसाला न्यायालयातील हा प्रसंग ओळखीचा वाटला असल्यास नवल नाही.

सप्टेंबर १९७६मध्ये प्रागमध्ये चौघांवर खटला चालला. आरोप होता संघटितपणे शांतताभंग केल्याचा. यिरोउसला अठरा महिने, पावेल झायिचेकला बारा महिने, सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव ब्राबेनेत्स आणि स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी आठ महिने शिक्षा झाली. कारासेक हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. त्यांचा उपदेशाचा परवाना सरकारने आधीच काढून घेतला होता. शिक्षा झाल्या, म्हणजे तसे पाहता लढाई हरलीच. पण न्यायालयाच्या मार्गिकेत एक नवीनच गोष्ट घडली होती. पक्षातून हाकललेले जुने कम्युनिस्ट, कॅथलिक, लेखक, प्राध्यापक आणि खाणावळीतले रॉकवेडे तरुण एकाच दारापाशी ताटकळत उभे राहिले होते. एरवी ज्यांची एकमेकांशी गाठ पडण्याचे काही कारण नव्हते, अशी माणसे तेथे एकमेकांशी बोलू लागली.

त्या बोलण्यातून जे निघाले ते 'चार्टर ७७'. १ जानेवारी १९७७ ही तारीख असलेल्या या जाहीरनाम्याची युक्ती अत्यंत साधी होती. १९७५च्या हेलसिंकी करारावर हुसाक सरकारने सही केली होती. नागरी व राजकीय हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार ऑक्टोबर १९७६मध्ये, म्हणजे खटल्यानंतर तीन आठवड्यांनी, देशाच्या अधिकृत कायदेसंग्रहात छापूनही आले होते. चार्टरने एवढेच म्हटले की, हे तुमचेच कायदे आहेत, ते पाळा. आपण संघटना नाही, आपल्याला घटना नाही, सभासदत्व नाही. ज्याला हे पटते तो आपला, असे चार्टरने स्पष्ट केले. पाटोच्का, हावेल आणि १९६८चे परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक असे तीन प्रवक्ते होते. पहिल्या सह्या अडीचशेच्या आत होत्या. ६ जानेवारीला हावेल, लेखक ल्युडविक वात्सुलिक आणि नट पावेल लांदोव्स्की हा मजकूर संसदेत देण्यासाठी मोटारीतून निघाले, तेव्हा पोलिसांनी पाठलाग करून त्यांना पकडले.

पुढचे तीन महिने दुसऱ्या माणसाला काय किंमत मोजावी लागते हे दाखवणारे आहेत. सही करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, टेलिफोन तोडले गेले, मुलांची शिक्षणे अडली. पाटोच्कांची प्रकृती ढासळलेली असताना पोलिसांनी त्यांची तासन् तास चौकशी केली. मार्चच्या आरंभी अशाच एका प्रदीर्घ चौकशीनंतर त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि १३ मार्च १९७७ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी स्मशानभूमीवर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते, शेजारी मोटारसायकलींचा गोंगाट चालला होता. धर्मगुरूचे शब्द ऐकू येऊ नयेत, एवढ्यासाठी.

याच काळात दुसऱ्याही एका सह्यांच्या मोहिमेची नोंद इतिहासाने ठेवली आहे. २८ जानेवारी १९७७ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात देशातील नामवंत कलावंतांना बोलावून चार्टरचा निषेध करणाऱ्या पत्रकावर त्यांच्या सह्या घेण्यात आल्या. मागाहून हजारो कलावंतांनी त्या केल्या. गंमत अशी की चार्टरचा मजकूर देशात कोठेही छापला गेला नव्हता. ज्याचा निषेध करावयाचा ते बहुतेकांनी वाचलेलेच नव्हते. त्यांना दोष देणे सोपे आहे. त्यांतील कित्येकांना भूमिका हव्या होत्या, कित्येकांना मुलांची चिंता होती. हावेल यांनी १९७८मध्ये लिहिलेल्या 'दुर्बलांचे सामर्थ्य' या निबंधात नेमका हाच धागा पकडला आहे. हा निबंध त्यांनी पाटोच्कांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यात एक भाजीवाला आहे. कामगारांच्या जागतिक एकजुटीची घोषणा असलेली पाटी तो दुकानाच्या काचेत लावतो. त्या घोषणेशी त्याला काहीच कर्तव्य नाही. आपण आज्ञाधारक आहोत आणि आपल्याला त्रास देऊ नका, एवढेच त्याला वरच्यांना कळवायचे आहे. हावेल यांचे निरीक्षण असे की व्यवस्था अशा लक्षावधी पाट्यांवर उभी असते. म्हणूनच एकाने जरी पाटी लावण्याचे नाकारले, तरी ती चवताळते. कारण पाटीविना जगता येते, हे त्या एकाने सर्वांना दाखवून दिलेले असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. दीड कोटी लोकसंख्येच्या देशात बारा वर्षांत चार्टरवर सह्या केल्या त्या सुमारे १,९०० माणसांनी. त्यांत स्लोव्हाक फारच थोडे होते. १९८९मध्ये राजवट कोसळली, ती मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे पाठवण्याचे धोरण सोडले म्हणून; पोलंड, हंगेरी आणि पूर्व जर्मनी आधीच बदलले म्हणून. मग या मूठभरांचे श्रेय ते काय?

गोर्बाचेव्ह नसते तर १९८९ घडले नसते, हे मान्य केलेच पाहिजे. पण दार उघडले तरी त्यातून आत येणारी माणसे असावी लागतात. १७ नोव्हेंबर १९८९ रोजी प्रागमध्ये विद्यार्थ्यांच्या शांत मोर्चावर पोलिसांनी निर्दय लाठीमार केला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आणि नाट्यगृहे संपावर गेली आणि १९ नोव्हेंबरला 'नागरी मंच' स्थापन झाला. अवघ्या दोन दिवसांत वाटाघाटी करू शकणारे व्यासपीठ उभे राहिले, ते चार्टरच्या मंडळींना बारा वर्षे एकमेकांच्या स्वभावाची, शब्दाची आणि धैर्याची पारख झाली होती म्हणून. कॅथलिक आणि माजी कम्युनिस्ट यांना एकत्र बसून मसुदा लिहिण्याची सवय लागली होती. टंकलेखन यंत्रावर कार्बन घालून पुस्तकांच्या प्रती काढणाऱ्यांनी एक वाचकवर्ग जिवंत ठेवला होता. बॉयलरवर काम केलेले चार्टरचे एक प्रवक्ते, यिर्झी दीन्स्टबीर, डिसेंबरमध्ये परराष्ट्रमंत्री झाले. १९७०पासून गाण्यास बंदी असलेली गायिका मार्ता कुबिशोवा, जी स्वतःही चार्टरची प्रवक्ती होती, वेन्सेस्लास चौकातील एका सज्जातून पुन्हा गायली. २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. खाली जमलेल्या लाखोंपैकी बहुतेकांनी काल-परवापर्यंत आपापली पाटी लावलेली होती. पण पाटी काढायची कशी, याचा नमुना त्यांच्यासमोर होता.

या कथेतील माणसांना संतपद देण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्याच्या कविता 'प्लास्टिक पीपल'ने गायल्या तो कवी एगोन बोंडी गुप्त पोलिसांना माहिती पुरवत होता, हे पुढे उघड झाले. ब्राबेनेत्सला १९८२मध्ये देश सोडून कॅनडात जावे लागले. यिरोउसच्या आयुष्यातील आठांहून अधिक वर्षे तुरुंगात गेली आणि स्वातंत्र्य आल्यावरही तो कोणाच्या दरबारात रमला नाही. चाकोरीबाहेरचा माणूस सद्गुणांचा पुतळा असतो असे नाही. तो कधी उद्धट असतो, कधी असह्य, कधी दुबळाही. तो तसा असूनही त्याच्या स्वातंत्र्याचे मोल कमी होत नाही, हे ओळखणे हीच दुसऱ्या माणसाची कसोटी आहे.

आम्हा अध्यापकांना हा इतिहास अस्वस्थ करतो तो याच ठिकाणी. वाङ्मयातील बंडखोरांवर आपण व्याख्याने देतो, परीक्षेत त्यांच्यावर प्रश्न काढतो. ते बंडखोर मृत्यूने आणि काळाने स्वच्छ धुतलेले असतात. आपल्याला आवडणाऱ्या कवीवर बंदी आली तर आपणही सही करू. परंतु ज्याचे संगीत कर्कश वाटते, भाषा शिवराळ वाटते, वागणे उर्मट वाटते, अशा एखाद्या विद्यार्थ्याचा आवाज बंद केला जात असताना आपण काय म्हणतो? 'त्याचे वागणेच तसे होते,' असे म्हणून आपण मान वळवतो, तेव्हा १९७६मध्ये प्रागच्या पोलिसांनी केलेला हिशेब आपल्यापुरता बरोबर ठरतो. पाटोच्कांना ते संगीत आवडले असेल, असे मानायला काही आधार नाही. तशी गरजही नव्हती.